ज्याच्या नावावर गुणच नाहीत, त्याची कारकीर्द मोजायची कशी?

मूळ प्रश्न थोडक्यात असा आहे: "रिओ ऑलिम्पिकची पुरुषांची व्हॉलीबॉल फायनल पाहिली. शेवटी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ब्राझीलच्या सेर्झिन्योचं नाव आलं. त्याने ना सर्व्हिस केली, ना स्मॅश मारला, ना ब्लॉकला उडी घेतली. वय चाळीस. घरचं मैदान आणि शेवटची स्पर्धा म्हणून केलेला हा सत्कार होता का? नसेल, तर अशा खेळाडूला थोर म्हणायचं ते कशाच्या आधारावर?"

गेली पंचवीसेक वर्षं मी मुलांना व्हॉलीबॉल शिकवतोय. हाच प्रश्न मला दर जूनमध्ये ऐकू येतो, फक्त पालकांच्या तोंडून आणि जरा रागात: "सर, आमच्या पोराला लिबेरो केलंत, म्हणजे बाहेरच बसवलंत ना?" लिबेरो म्हणजे मागच्या रांगेत फक्त सर्व्हिस घ्यायला आणि बचावाला उभा असलेला खेळाडू; सेर्झिन्योही तोच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सत्काराचा मुद्दा आधी घेतो. रिओत भावनेचा भाग अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. माराकानाझिन्योचं भरलेलं स्टेडियम, २१ ऑगस्ट २०१६, इटलीवर ३-० असा विजय, आणि राष्ट्रीय संघातून ही शेवटची स्पर्धा हे त्याने आधीच सांगितलेलं. अशा वेळी कुणाचंही मन पाघळेल. पण मग २००९चं काय करायचं? त्या वर्षी वर्ल्ड लीगची (राष्ट्रीय संघांची तेव्हा दरवर्षी व्हायची ती स्पर्धा) अंतिम लढत बेलग्रेडला होती, समोर खुद्द सर्बिया. ब्राझील ३-२ ने जिंकलं आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला हाच माणूस. या स्पर्धेत लिबेरोला तो मान पहिल्यांदाच मिळाला. तिथे घरचं मैदान नव्हतं, निरोप नव्हता, प्रेक्षक तर विरुद्ध बाजूचे. म्हणून मी रिओकडे सुटं बघत नाही. जे सात वर्षांपूर्वी परक्या गावात मान्य झालं होतं, तेच घरी पुन्हा मान्य झालं, एवढंच.

आता खरी अडचण. तुम्ही गुण मोजताय, आणि लिबेरोचं काम गुणाच्या दोन टप्पे आधी संपतं.

नियम माहीत असेल, तरी एकदा उजळणी करू. लिबेरो ही जागा आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये १९९८ साली आली. वेगळ्या रंगाची जर्सी, मागच्या रांगेतल्या कुणाच्याही जागी आत-बाहेर करायची मुभा, आणि ती बदली नेहमीच्या बदल्यांमध्ये धरली जात नाही. बदल्यात बंधनं भरपूर. सर्व्हिस नाही. ब्लॉक नाही, ब्लॉकचा प्रयत्नसुद्धा नाही. चेंडू पूर्णपणे जाळीच्या वर असताना तो पलीकडे मारायचा नाही, मग कोर्टात कुठेही उभे असा. जाळीपासून तीन मीटरवरच्या रेषेपुढे येऊन बोटांनी चेंडू उचलून दिला, तर तो जाळीच्या उंचीवरून स्मॅश करता येत नाही. म्हणजे नियमानेच या माणसाचे गुण मिळवायचे दरवाजे बंद केलेले आहेत. स्कोअरशीट त्याच्याबद्दल गप्प असते, त्यात त्याचा काय दोष!

सेर्झिन्यो, म्हणजे सेर्जिओ दुत्रा सांतोस, हा त्या नियमाचंच अपत्य म्हणावा असा. जन्म १५ ऑक्टोबर १९७५, पाराना राज्यातल्या दियामान्ते दो नोर्ते या छोट्या गावातला, वाढला साओ पाउलोच्या पिरितुबा भागात. सुरुवातीला तो स्मॅशरच होता. उंची १.८४ मीटर. आपल्याकडे एवढा उंच मुलगा गल्लीत उठून दिसतो. पण २.४३ मीटरच्या जाळीवर, समोर दोन मीटरचे ब्लॉकर असताना १.८४चा स्मॅशर देशाच्या संघात पोचणं जवळपास अशक्य. नियम आला तेव्हा हा बाविशीत होता. पाच वर्षं उशिरा आला असता, तर हे नाव आपण ऐकलंही नसतं. नशिबाचा एवढा वाटा मी मोकळेपणी मान्य करतो. पण तो नियम जगातल्या सगळ्याच बुटक्या स्मॅशरांसाठी आला होता, हेही खरं.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती अजूनही बरेच प्रशिक्षक करतात. नियम आपल्याकडे रुळायला लागला तेव्हा मी संघातला सगळ्यात बुटका आणि कमी मारणारा मुलगा शोधला आणि त्याला वेगळी जर्सी दिली. एक हंगाम तसाच गेला. समोरचे संघ पहिल्या चार सर्व्हिसमध्ये ओळखायचे की लाल जर्सीवर टाकली की चेंडू उडतो. मी सगळ्यात कच्च्या मुलाला सगळ्यात जास्त चेंडू येतील अशा जागी उभं केलं होतं. पुढच्या वर्षी उलटं केलं. संघातला सगळ्यात चांगला रिसीव्हर, जो आमचा दुसऱ्या क्रमांकाचा स्मॅशरही होता, त्याला लिबेरो केलं. पोरगा आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. पण आमच्या दोन्ही स्मॅशरांच्या मारण्यात महिन्याभरात जो फरक पडला, तो पाहिल्यावर मला ही जागा कळली.

फरक कसा पडतो ते नीट सांगतो, कारण उत्तराचा गाभा इथेच आहे.

एका बाजूचं कोर्ट ९ बाय ९ मीटर. पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या खेळात ताशी ११०-१२० किलोमीटरची जंप सर्व्हिस येते, ती हाताशी पोचायला साधारण अर्धा सेकंद. ती घ्यायला बहुतेक संघ तिघांना उभं करतात: दोन डावे-उजवे स्मॅशर आणि लिबेरो. ८१ चौरस मीटर तिघांत समान वाटलं, तर पुढच्या रांगेतल्या स्मॅशरवर दोन कामं पडतात. आधी गुडघ्यात वाकून सर्व्हिस घ्यायची, मग उठून तीन पावलांचा रनअप घेऊन उडायचं. वाकलेला माणूस उठेपर्यंत वेळ गेलेला असतो. त्याचा रनअप अर्धा होतो, उडी कमी पडते, आणि समोरच्या ब्लॉकला तो कुठून मारणार हे आधीच दिसतं.

आता समजा लिबेरो एवढा भरवशाचा आहे की निम्म्याहून जास्त कोर्ट तो एकटा सांभाळतो. मग त्या स्मॅशरकडे उरते बाजूची एक चिंचोळी पट्टी. सर्व्हिस आपल्या पट्टीत नाही हे दिसताक्षणी तो रनअपच्या जागी जाऊन उभा राहू शकतो. चेंडू स्मॅशसाठी उचलून देणाऱ्या सेटरच्या (आमच्या गावाकडचे लोक अजून लिफ्टर म्हणतात) हातात पोचतो तेव्हा तो धावायला लागलेला असतो. पुढे स्मॅश बसतो, गुण त्याच्या नावावर. लिबेरोच्या नावावर काय? फार तर 'एक चांगला पास'.

आणि तो पास जाळीपासून हातभर अंतरावर, सेटरच्या डोक्यावर नेमका आला, तर मधल्या माणसाचा क्विक (जाळीजवळचा झटपट स्मॅश) जिवंत राहतो. समोरच्या मधल्या ब्लॉकरला क्षणभर तरी त्याच्यासोबत थांबावं लागतं. तो थांबला की कडेच्या स्मॅशरसमोर दोघांऐवजी एकच ब्लॉकर उरतो. हाच पास दोन-अडीच मीटर मागे पडू द्या. क्विक मेला, ब्लॉकर सरळ कडेला धावले, दोन जणांची भिंत उभी. त्याच स्मॅशरचा, तेवढ्याच ताकदीचा स्मॅश एकदा जमिनीवर जातो आणि एकदा त्याच्याच पायाशी परत येतो. फरक केला दोन सेकंद आधीच्या पासने.

सेर्झिन्योच्या काळातल्या ब्राझीलला या गोष्टीची गरज इतरांपेक्षा जास्त होती. बेर्नार्दिन्यो, म्हणजे बेर्नार्दो रेझेंदे, हे २००१ ते २०१६ पुरुष संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाती आलेला संघ रशियासारखा उंच नव्हता. संघाचा सगळ्यात नावाजलेला स्मॅशर झीबा, तो १.९२चा. उंची कमी, तर वेग वाढवा, असा सरळ हिशेब. सेटर रिकार्दिन्यो कडेला असा सपाट आणि जलद चेंडू फेकायचा की ब्लॉक येईपर्यंत स्मॅश होऊन गेलेला असायचा. लोक त्या वेगाचं श्रेय रिकार्दिन्योच्या मनगटाला देतात, ते चूक नाही. पण तो वेग फक्त चांगल्या पासवर चालतो. पास भटकला की जगातला कुठलाही सेटर उंच, आळशी चेंडू देतो, आणि त्या उंच चेंडूवर बुटका संघ मार खातो. माझ्या मते २००२ ते २००८च्या ब्राझीलचा वेग आणि सेर्झिन्योचे हात यांना वेगळं काढताच येत नाही.

त्या काळात काय काय झालं? २००२ला अर्जेंटिनात रशियाला ३-२ ने हरवून ब्राझीलच्या पुरुषांनी पहिलं विश्वविजेतेपद मिळवलं. २००४ला अथेन्समध्ये इटलीला हरवून ऑलिम्पिक सुवर्ण. २००६ला जपानमध्ये पुन्हा जगज्जेते, फायनलला पोलंड ३-० ने गारद. २००८ला बीजिंगमध्ये अमेरिकेकडून फायनल हरून रौप्य. मधली काही वर्षं सेर्झिन्यो इटलीत पिआचेन्झाकडून लीग खेळला, मग मायदेशी येऊन सेसी क्लबबरोबर २०१०-११ची सुपरलीगा जिंकला. क्लबच्या यादीत फार रमत नाही मी, ती कुठेही सापडेल.

तुमच्या मनात शंका येईलच, आणि ती रास्त आहे: संघ एवढा भारी असताना हे श्रेय लिबेरोला कसं? याला सोपं उत्तर नाही. उलट माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट मीच सांगतो. २०१०ला पाठीच्या दुखण्यामुळे सेर्झिन्यो जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला नव्हता. मारिओ ज्युनियर लिबेरो होता, आणि ब्राझीलने क्यूबाला ३-० ने हरवून विजेतेपद राखलं. म्हणजे त्याच्याशिवाय हा संघ जिंकूच शकत नव्हता, असं म्हणणाऱ्याने २०१० विसरलेलं असतं. पदकं संघाची असतात. ती मोजून एका माणसाची किंमत काढायला गेलात, तर झीबाचीही नीट निघणार नाही.

लिबेरोला मर्यादा किती असते हे बघायचं, तर २०१२ची लंडनची फायनल बघा. ब्राझील रशियाविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून पुढे, तिसऱ्यात मॅच पॉइंटपर्यंत पोचलेलं. रशियाचे प्रशिक्षक अलेक्नो यांनी आपला मधला ब्लॉकर, २.१८ मीटरचा मुसेर्स्की, कडेला उजवीकडून मारायला आणला. तिसरा सेट २९-२७ असा रशियाने काढला, पुढचे दोनही घेतले, मुसेर्स्कीचे ३१ गुण. ब्लॉकच्या वरून येणाऱ्या त्या चेंडूंपुढे मागे उभा राहिलेला लिबेरो काय करणार? ब्लॉकला उडी मारायची त्याला परवानगीच नाही. चांगला लिबेरो हरणारा सामना दर वेळी वाचवतो असा समज असेल, तर तो इथे संपतो. तो समोरच्याला जास्त कष्ट करायला लावतो, पण समोरच्याकडे २.१८ मीटरचा माणूस असेल तर त्याला कष्टच पडत नाहीत.

मग मी मुलांचं मोजमाप कसं करतो? माझ्या वहीत पासला ० ते ३ अशी खूण असते, ती सगळेच करतात. ३ म्हणजे सेटर तिन्ही बाजूंना खेळवू शकतो, ० म्हणजे गुण गेला. पण मी शेजारी आणखी एक रकाना ठेवतो: समोरच्याने सर्व्हिस कुणाला टाळून टाकली? हा रकाना भरणं कंटाळवाणं आहे, पण लिबेरोबद्दलचं खरं त्यातच सापडतं. सर्व्हिस करणारा जर त्याला चुकवायला म्हणून कडेच्या रेषेजवळ टाकायला लागला, तर त्याच्या चुका वाढतात, चेंडू बाहेर जातात, नेटमध्ये जातात. तो गुण स्कोअरशीटवर 'सर्व्हिसची चूक' म्हणून लागतो. लिबेरोने चेंडूला हातही लावलेला नसतो. जाँटी ऱ्होड्स पॉइंटला उभा असला की फलंदाज तिकडे चोरटी धाव घेत नसत, त्या न घेतलेल्या धावा कुठल्या धावफलकावर दिसल्या? तसंच.

बचावाचंही थोडं सांगायला हवं, कारण व्हिडिओत लोकांना लोळण घेणारा लिबेरोच आवडतो. मला स्वतःला लोळणारा लिबेरो बघितला की शंका येते. उशीर झाला म्हणून लोळावं लागतं. सेर्झिन्योचे बरेचसे बचाव दिसायला साधे आहेत. चेंडू जिथे येतो तिथे तो आधीच उभा, गुडघे वाकलेले, हात पुढे. हे चाळिशीत का जमतं याचं उत्तरही त्यातच आहे. उडी वयाबरोबर जाते, स्मॅशरची कारकीर्द तिच्याबरोबर जाते. सेटरचे हात बघून, स्मॅशरचा खांदा बघून, आपल्या ब्लॉकने कुठली गल्ली उघडी ठेवलीय हे ओळखून तिथे जाऊन उभं राहणं, हे वयाबरोबर वाढतं. अर्थात पाय आणि पाठ साथ देईपर्यंतच. पाठीने त्याला एकदा दगा दिला होताच.

आणखी एक कौशल्य त्याच्या मूळ स्मॅशरपणातून आलेलं. पहिला चेंडू सेटरलाच उचलावा लागला, तर दुसरा चेंडू द्यायचा कुणी? तिथे तो तीन मीटरच्या रेषेमागून उडी मारून, हवेतच बोटांनी चेंडू कडेला द्यायचा. उडी रेषेमागून असल्याने नियमात बसतं. आता हे सगळेच शिकतात. माझ्याकडची चौदा वर्षांची मुलंही करून बघतात, आणि दहातली सात वेळा रेषेवर पाय देतात.

आता पुन्हा रिओ. लंडननंतर तो राष्ट्रीय संघातून थांबला होता. त्याच्याविना ब्राझील २०१४च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या फायनलला पोचलं, पण पोलंडकडून हरलं. २०१५ला बेर्नार्दिन्योंनी त्याला परत बोलावलं. रिओसाठी बारा जणांचा संघ निवडला, त्यात लिबेरो एकच: चाळिशीतला सेर्झिन्यो. बाकावर दुसरा लिबेरो नव्हता. मी स्वतः तालुक्याच्या स्पर्धेलाही असं करायला धजावणार नाही. एक पाय मुरगळला की सगळी रचना कोसळली. एका प्रशिक्षकाने एवढी जोखीम घेतली, हे प्रशस्तिपत्र मला त्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

आणि ती स्पर्धा सुखाची नव्हती. गटात अमेरिका आणि इटली, दोघांकडूनही ब्राझील १-३ हरलं. शेवटचा गटसामना फ्रान्सशी, हरले तर घरच्या ऑलिम्पिकमधून गटातच बाहेर. तो ३-१ जिंकला. मग अर्जेंटिना ३-१, उपांत्य फेरीत रशिया ३-०. फायनलला पुन्हा इटली, झायत्सेव्ह आणि जुआंतोरेना यांच्यासारखे सर्व्हिस फोडून काढणारे लोक. २५-२२, २८-२६, २६-२४. तीन सेट, तिन्ही शेवटच्या दोन-तीन गुणांवर सुटलेले. असे सेट स्मॅशने जिंकले असं वाटतं. चोवीसच्या पुढे मात्र प्रत्येक सर्व्हिस कुणीतरी घ्यावी लागते, आणि तिथे हात थरथरले की संपलं.

त्या पदकाने तो सांघिक खेळात चार ऑलिम्पिक पदकं मिळवणारा पहिला ब्राझिलियन ठरला: दोन सुवर्ण, दोन रौप्य, सलग चार ऑलिम्पिकमध्ये.

तर, थोडक्यात तुमच्या दोन प्रश्नांना: बक्षिसात भावना होती, पण नुसती भावना नव्हती, २००९ त्याला साक्ष आहे. आणि कारकीर्द मोजायची, तर त्याने काय मारलं हे सोडून इतरांना काय मारता आलं ते बघावं लागतं. हे सगळीकडे सारखं लागू होत नाही. सेटर कच्चा असेल तर उत्तम पासही वाया जातो, आणि शाळेच्या पातळीवर, जिथे सर्व्हिसच दहातल्या तीन नेटमध्ये जातात, तिथे लिबेरोने फार फरक पडत नाही. त्या पालकांनाही मी हे खरंखरं सांगतो.

फायनलचा व्हिडिओ परत बघणार असाल, तर दुसरा सेट लावा, तो २८-२६चा. चेंडूकडे बघू नका, ते अवघड जातं पण जमवा. इटलीचा खेळाडू सर्व्हिससाठी चेंडू वर फेकतो, त्या क्षणी वेगळ्या जर्सीतल्या दहा नंबरकडे बघा, आणि मग लगेच त्याच्या शेजारच्या स्मॅशर लुकारेल्लीच्या पायांकडे. ते कधी हलायला लागतात, तेवढं बघा.